दहा शब्दांची पैज

माझ्या मुलीला इंग्रजीतलं काही अडलं की ती नांदेडला तिच्या मावशीला फोन लावायची. मी तिच्यापासून चार हातांवर भाकऱ्या थापत असायची आणि ती माझ्याकडे पाठ करून बोलत असायची. "मावशी, हा शब्द नाउन धरायचा का ॲडजेक्टिव्ह?" मग तिकडून काहीतरी सांगितलं जायचं आणि ही हसायची. मला त्या हसण्याचा राग यायचा. व्याकरणात हसण्यासारखं काय असतं ते मला कळत नव्हतं, आणि जिला कळत होतं ती माझी धाकटी बहीण होती.

बहीण नांदेडच्या एका ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते. मी लातूरला क्लासेसच्या गल्लीत मेस चालवते. एवढा फरक कसा पडला ते सांगते.

आमचं गाव मुखेडजवळ. वडील आठवडी बाजारात लसूण-मिरची विकायचे, कधी मुखेडला, कधी बिलोलीला. मी सातवीत असताना त्यांना हाताशी माणूस हवं झालं. आम्हा दोघींतल्या एकीला शाळेतून काढायचं ठरलं. मला हिशोब तोंडी यायचा, गिऱ्हाइकाशी तोंडाला तोंड देता यायचं, म्हणून मला काढलं. तिला यातलं काहीच येत नव्हतं, म्हणून ती शाळेत राहिली. पुढे सगळे म्हणू लागले की दोघींतली हुशार शिकली. हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. मी गेली पंचवीस वर्षं सांगत आलेय की प्रकार उलटा होता, आणि कुणी मान डोलावली नाही तर त्याच्याशी भांडत आलेय.

लग्न होऊन लातूरला आले. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातले पंचवीस दिवस बाहेर. आठ डब्यांवर सुरुवात केली होती, आता दोन्ही वेळेला मिळून दीडशे पानं उठतात. हे मी कुणाच्या शिफारशीवर केलेलं नाही. मंडईत मला लांबून येताना बघितलं की दोन व्यापारी चांगल्या वांग्यांवर पोतं टाकतात, ही माझी तिथली पत. जी वस्तू मिळवायची ती घासाघीस करून मिळवायची आणि फुकट कुणाकडून काही घ्यायचं नाही, असा माझा रिवाज आहे. एकदा तोंडातून सौदा निघाला की तो मोडायचाही नाही. बाजारात बसणाऱ्या बाईचं नाहीतर कोण ऐकून घेणार?

मुलीची दहावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला.

"अक्का, अकरावी-बारावीला तिला माझ्याकडे पाठव. इंग्रजी कच्चं आहे तिचं. तुझ्याकडे अभ्यासाला जागा तरी कुठे आहे? दीडशे पोरांची ताटं आणि त्यात ती."

मी म्हटलं, "अगं, अख्खा मराठवाडा पोरं घेऊन लातूरला येऊन राहिलाय शिकायला. तुझ्या नांदेडचीच वीस पोरं माझ्याकडे जेवतात. आणि मी माझी लेक उलटी तिकडं पाठवू?"

"ती वीस पोरं जेवून अभ्यासाला जातात. ही त्यांना वाढते."

मी फोन ठेवला. ती खोटं बोलली असती तर मी सुनावलं असतं. खरं बोलली म्हणून फोन ठेवावा लागला. आणि मुलीला मावशीचं बोलणं सांगितलं तर ती खालमानेनं म्हणाली, "तू म्हणशील तसं." या उत्तरानं तर मला झोंबलंच. राहायचं असतं तर राहते म्हणाली असती, असं मी धरलं.

त्या दिवशी मी ठरवलं की इंग्रजी व्याकरण शिकायचं. सगळं नाही, पोरगी फोनवर जे विचारते तेवढं. शब्द कोणत्या जातीचा, आणि त्याचं रूप कसं बदलतं. तिनं मला विचारलं की झालं, मग नांदेडला फोन कशाला लागेल?

माझ्या मेसमध्ये रेणापूरच्या शाळेतून निवृत्त झालेले एक सर जेवायला येत. पत्नी वारल्यावर मुलगा पुण्याला न्यायला आला होता, हे गेले नाहीत. दीड वाजता, पोरांची गर्दी ओसरली की येऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसायचे. इंग्रजीच शिकवलं होतं त्यांनी जन्मभर. त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि विषय काढला.

"एकूण किती प्रकार असतात शब्दांचे?"

"आठ."

"त्यातले मोठे चार शिकवा. बाकीचे किरकोळ राहू द्या. बदल्यात तुम्हाला रोज तव्यावरची गरम भाकरी आणि घट्ट वरण."

सर घास तोंडात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "बाई, वरणात डाळ जास्त असते आणि मीठ चिमटीभर. मग मीठ किरकोळ म्हणून सोडता का?"

"बरं, आठ. पण वरण पातळच मिळेल मग."

"घट्ट," सर म्हणाले, "आणि ठेचा." सौदा आठवर आणि ठेच्यावर पटला. मला हा माणूस आवडला.

मुलीला कळू द्यायचं नव्हतं. ती दुपारी मैत्रिणीकडे जायची, तेवढ्या वेळात शिकायचं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सर लिहायचे, मी तांदूळ निवडत ऐकायची. पहिले दोन दिवस सोपे गेले. नाव सांगणारा नाउन, काम सांगणारा व्हर्ब. भांडं नाउन, घासणं व्हर्ब. तिसऱ्या दिवशी सरांनी 'कुक' लिहिलं आणि सांगितलं की याचा अर्थ स्वयंपाक करणारा माणूस, आणि याचाच अर्थ शिजवणं.

मी ताट आपटलं. "एकाच शब्दाला दोन जाती? काल तुम्ही म्हणालात माणूस वेगळा, काम वेगळं. मला अडाणी समजून काहीही गळ्यात मारून राहिलात का?"

सरांनी उलट विचारलं, "पोरं तुम्हाला काय म्हणतात?"

"काकू."

"मुलगी?"

"आई."

"आणि बहीण?"

"अक्का. पण मोठी म्हणून नुसतं म्हणायचं, बाकी..."

"बाकी राहू द्या. बाया किती आहात तुम्ही?"

"एकच की."

"मग शब्दाला एवढं कशाला धरता? तो कुणाच्या घरात उभा आहे ते बघा, आणि मग त्याला हाक मारा. नुसता शब्द हातात घेऊन त्याची जात सांगता येत नाही. वाक्य बघायचं."

ते मला इतकं पटलं की त्या दिवशी सरांना दोन भाकऱ्या जास्त वाढल्या. त्यांनी एक परत केली.

पुढे रूपांचं आलं. एका शब्दाला शेपूट लावलं की त्याचं काम बदलतं. काइंड म्हणजे दयाळू, काइंडनेस म्हणजे दया, काइंडली म्हणजे दयेनं. सर म्हणाले शेपटाकडे लक्ष ठेवा. मला हे मंडईसारखं वाटलं. देठ बघून वांगं ताजं का शिळं ते सांगता येतं, पूर्ण वांगं चिरावं लागत नाही. नेस आलं की नाउन, फुल आलं की ॲडजेक्टिव्ह, ली आलं की ॲडव्हर्ब. मी धडाधड सांगू लागले. मग सरांनी 'फ्रेंडली' टाकलं, मी ॲडव्हर्ब म्हटलं, आणि ते ॲडजेक्टिव्ह निघालं.

"देठ हिरवं बघून घेतलेलं वांगं आतून किडकं कधी निघालंच नाही का तुम्हाला?" सर म्हणाले.

"निघालं. पण मी ते परत नेऊन त्याच्या तोंडावर फेकलं."

"हे परत कुठे नेणार?" सर ठेचा बोटानं चाटत म्हणाले.

एक दिवस त्यांनी मलाच शब्द निवडायला सांगितला. मी 'जेलस' म्हटलं. पोरांच्या तोंडी सारखा असतो. सरांनी लिहिलं: जेलस ॲडजेक्टिव्ह, जेलसी नाउन, जेलसली ॲडव्हर्ब. व्हर्बची जागा रिकामी ठेवली.

"याला क्रियापद नाही," ते म्हणाले. "त्यासाठी दुसराच शब्द घ्यावा लागतो."

"नसायला काय झालं? मराठीत आहे. जळणं. रोज करते मी ते काम."

सर हसले नाहीत. कागद घडी करून त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "बाई, हे सगळं तुम्ही नक्की कुणासाठी शिकताय?"

"मुलीसाठी."

"मग तिला अजून सांगितलं का नाही?"

मी उठून भांड्यांकडे गेले. खरं म्हणजे मला तिला सांगायचं नव्हतंच. मला बहिणीला दाखवायचं होतं, आणि ते मुलीनं बघायचं होतं.

निकाल लागला, इंग्रजीत मार्क अपेक्षेपेक्षा कमी पडले, आणि रविवारी दुपारी बहीण स्वतः लातूरला आली. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, त्यामुळे दुपारचं जेवण आटोपलं की घर आमचं. ती बाकावर बसली होती, इस्त्रीची कॉटन साडी, खांद्याला पर्स. मुलगी आत-बाहेर करत ताटं गोळा करत होती. बहिणीनं पिशवीतून प्रवेशाचा फॉर्म काढला. आधीच आणलेला! मला मंडईतली गिऱ्हाइकं आठवली, भाव ठरायच्या आधीच पिशवीचं तोंड उघडणारी.

मी म्हटलं, "सौदा कर माझ्याशी."

"कसला सौदा?"

"दहा शब्द विचार. वाक्यात घालून. कोणता कोणत्या जातीचा ते मी सांगते. दहाही बरोबर आले तर पोरगी इथं राहील आणि इंग्रजी मी बघून घेईन. एक जरी चुकला तर घेऊन जा, मी तोंड उघडणार न्हाई."

बहीण आधी हसली. मग माझ्याकडे नीट बघितलं. "अक्का, तू शिकलीस?"

"विचार."

ती मुलीकडे वळली. मुलगी हातात ताटांची चळत घेऊन मोरीच्या दारात थांबली होती. तिचा चेहरा मी बघितला नाही. तेव्हा बघायला हवा होता.

बहिणीनं विचारायला सुरुवात केली. ती सोपं विचारत नव्हती, हे कबूल करते. फास्ट धावणारा आणि फास्ट धावतो, दोन्ही टाकले. हार्ड आणि हार्डली टाकलं. फ्रेंडली टाकलं तेव्हा मला मनातून सरांच्या पाया पडावंसं वाटलं. कुक टाकला. प्रत्येक उत्तराला तिचे डोळे मोठे व्हायचे आणि माझा जीव गार व्हायचा. पंचवीस वर्षांत तिनं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. नऊ झाले, नऊच्या नऊ बरोबर.

दहाव्याला ती थांबली. पर्सचा पट्टा सारखा केला. मग म्हणाली, "धिस इज अ बुक. यातलं बुक."

हे पहिलीतलं पोरही सांगेल. मला लगेच कळलं. बाजारात तासभर हुज्जत घालणारं गिऱ्हाईक एकदम हसून तुम्ही म्हणाल ती रक्कम पुढं करतं ना, तेव्हा त्याला तुमची वस्तू पटलेली नसते. त्याला तुमची कीव आलेली असते. तसलं गिऱ्हाईक मी आयुष्यभर परत पाठवलंय, माल पडून राहिला तरी.

"बदल हे," मी म्हटलं.

"अक्का, जाऊ दे ना. जिंकलीस तू. झालं."

"बदल म्हणते ना! भीक घालून राहिलीस का मला?"

"भीक काय त्यात? तू इतकं शिकलीस, मला बरं वाटलं..."

"तुला बरं वाटायला न्हाई शिकले मी. तुझी पुस्तकं माझ्या लसणातून आली, हे विसरू नको. विचार नीट!"

आता तिचाही आवाज चढला. ती एरवी शुद्ध बोलते, पण रागावली की मुखेडची होते. "लई झालं तुझं लसूण-लसूण! मी म्हणले होते का बा ला, की अक्काला शाळेतून काढ? घे मग. द अर्थ मूव्हज राउंड द सन. यातलं राउंड काय हाय?"

राउंड. मला तो दोन घरांत दिसायला लागला, ॲडव्हर्बच्या आणि प्रिपोझिशनच्या. त्याच्या पुढे काय उभं आहे ते बघायचं, असं काहीतरी सरांनी सांगितलं होतं. मी आठवत होते आणि आठवता आठवता माझी नजर मोरीच्या दारात गेली. बहिणीची पाठ तिकडे होती. मुलगी ताटं छातीशी धरून माझ्याकडेच बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. प्रे. परत, प्रे. अगदी स्पष्ट.

ती मला सांगत होती.

मी ते बघितलं, समजलं, आणि म्हटलं, "ॲडव्हर्ब."

मोरीत ताटं जोरात खाली ठेवल्याचा आवाज आला. मी फॉर्म ओढून घेतला आणि पालक म्हणून सही केली.

बहीण शेजारच्या खोलीत आडवी झाली तेव्हा मुलगी माझ्यापाशी आली. डोळे लाल होते.

"मी सांगत होते, तुला दिसलं न्हाई का?"

"दिसलं."

"मग?"

"कुणाचं फुकटचं घेत न्हाई मी."

"मी कुणी हाय का?" ती म्हणाली. "आई, मी काय तुझं गिऱ्हाईक हाय? आणि माझाच सौदा करायचा होता तर मला एकदा इचारायचं तरी."

एवढंच डोक्यात घुमत होतं की तिला इथंच राहायचं होतं. दोन महिने आठ प्रकार घोकण्याऐवजी जे तिला एकदा विचारायला हवं होतं ते मला कळलं, पण सही झाल्यावर. शब्द मोडला असता तर कुणी फाशी दिलं नसतं. पण मी मोडला नाही. तिसऱ्या दिवशी त्या दोघी नांदेडच्या एसटीत बसल्या. मी खिडकीतून चिवड्याचा डबा दिला. मुलीनं तो घेतला आणि मावशीच्या मांडीवर ठेवला.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी जेवण थांबवलं. "म्हणजे उत्तर माहीत असून चुकलात."

"हाव."

"चाळीस वर्षं शिकवलं मी. असा विद्यार्थी भेटला नाही," ते म्हणाले, आणि ते कौतुक नव्हतं.

पावसाळा तसाच गेला. मुलगी रोज संध्याकाळी फोन करायची. जेवलीस का, हो. अभ्यास होतो का, हो. मागून बहिणीचा आवाज यायचा, कुठं भाजी चिरत कुणाला काय सांगत असायची, आणि मी फोन कानावर दाबून तो आवाज ऐकायची. एकदा मुलीनं तिला हाक मारली ती "मा" एवढीच ऐकू आली, पुढचं तुटलं, मावशी का माय ते कळलं नाही. मी दोन दिवस भांडत सुटले, गॅसवाल्याशी, दूधवाल्याशी, कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीशी. चाचणीत तिला इंग्रजीत चांगले मार्क पडले, वर्गात तिसरी आली. फोनवर मी शाब्बास म्हटलं. ठेवल्यावर कणकेला इतका मार दिला की त्या दिवशीच्या चपात्या पोरांना आवडल्या.

दिवाळीच्या आधी मेसला सुट्टी लागली आणि मी नांदेडला गेले. घरात पाऊल टाकलं, पाणीही घेतलं नाही.

बहिणीला म्हटलं, "मी सौदा मोडायला आलेय. आजवर कधी मोडला नव्हता. आज मोडते. पोरगी परत दे म्हणते मी."

वाटलं होतं ती भांडेल. मी एसटीत तीन तास त्या भांडणाची तयारी केली होती. ती म्हणाली, "मला नको सांगू, अक्का. तिला विचार." आणि स्वयंपाकघरात गेली.

मुलगी तिच्या टेबलाशी बसली होती. नीट रचलेली पुस्तकं, खिडकीला पडदा. असलं टेबल माझ्या घरात ठेवायला भिंत नाही. मी पलंगावर टेकले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला विचारलं, "तुला काय करायचंय?"

तिनं पेन खाली ठेवलं. "वर्ष अर्ध्यात कॉलेज सोडता येत न्हाई. बारावी होऊ दे, मग येते."

"बारावी? दोन वर्षं? न्हाई. अकरावी झाली की यायचं."

"अकरावीनंतर कॉलेज बदललं तर सगळं परत पहिल्यापासून. बारावी."

"मग दर शनिवारी लातूरला यायचं."

"दर शनिवारी जाण्यायेण्यातच दिवस जातो. महिन्यातून एकदा."

"महिन्यातून? अगं, तुझा बाप पण महिन्याला एकदाच येतो. दोघंही तसलेच का? पंधरा दिवसांनी."

तिनं तोंड वाकडं केलं, खिडकीबाहेर बघितलं, उत्तर द्यायला मुद्दाम उशीर लावला. तो उशीर मी ओळखला. समोरच्याचा धीर सुटावा म्हणून मी तसाच लावते.

"पंधरा दिवसांनी," ती म्हणाली, "पण आले की ताटं उचलणार न्हाई. आणि इंग्रजीचं अडलं की तुला फोन करीन, तुला यायला पाहिजे. न्हाई आलं तर सरांना इचारून ठेव."

"हे तर तू जास्तीचं मागून राहिलीस."

"घ्यायचं तर घे."

मी हसले, ती पण हसली, आणि हसता हसता माझं लक्ष दाराकडे गेलं. बहीण चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे, चहावर साय धरली होती. ती आत आली नाही. आमच्या दोघींकडे बघत होती, बाजारात दुसऱ्याच्या पाटीकडे बघावं तसं, आणि तिला आमच्या बोलण्यात कुठून शिरावं ते कळत नव्हतं. घासाघीस तिला कधी आलीच नाही.

मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. लई बरं वाटलं मला.